जुना माल पुढे

नाचणगाव,
३ मार्च २०२५

गुंजनताई,

फोन तू उचलत नाहीस, आणि वर निरोप धाडतेस की लिहून कळव, तोंडी तू फार थापा मारतोस. बरं बाई, मेल लिहितो. लिहूनही थापा मारता येतात हे तुला कळेलच.

काम गंभीर आहे. आपल्या समाजाचा परिचय मेळावा यंदा १३ एप्रिलला वर्ध्यात आहे. दरवर्षी उपवर मुलामुलींची पुस्तिका छापतात आणि त्यात फोटो असे काळे येतात की नवरा कोणता नि नवरी कोणती हे नाव वाचून ठरवावं लागतं. म्हणून समितीच्या अध्यक्षांनी, म्हणजे आपल्या ताराचंदकाकांनी, यंदा पुस्तिका बंद करून सगळं माझ्या साइटवर टाकलं. साइट चालते ती दुकानाच्या वरच्या खोलीतल्या माझ्या लिनक्स मशीनवरून. दोन वर्षं गुमान चालत होती. गेल्या आठवड्यात आपोआप बंद पडली. मी काहीच केलं नाही.

काका तक्रार घेऊन घरी आले आणि माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या मोठेबाबांनी, संधी साधली. तुला माहीतच आहे, माझं कॉलेज संपल्यापासून त्यांचं एकच टुमणं आहे की पोरानं किराणा दुकानाच्या गल्ल्यावर बसावं. काकांच्या समोर म्हणाले, "मेळाव्याच्या दिवशी तुही साइट चालली तर वरची खोली तुही. मी पुन्हा गल्ल्यावर बस म्हननार नाई. नाई चालली, तर ते मशीन विक अन् खाली येजो." काका साक्षीदार. मी रागाच्या भरात हो म्हणून बसलो.

ताई, मला गल्ल्यावर बसायचं नाही. दिवसभर साखर द्या, चायपत्ती द्या, साबण द्या, यानं माझं डोकं फिरतं. वर माझ्याकडे चार दुकानांचं आणि एका शाळेचं काम आहे. खोली गेली की ते सगळं गेलं. तू पुण्यात बसून असलीच मशीनं सांभाळतेस. खाली पासवर्ड देतो. आत शिर, नीट कर, आणि कोणाला सांगू नको.

भूपेंद्र


पुणे,
४ मार्च २०२५

भूपेंद्र,

सगळ्यात आधी तो पासवर्ड बदल. पत्रात पासवर्ड लिहिणारा माणूस घराला कुलूप लावून किल्ली दारातच टांगून ठेवणारा असतो.

"मी काहीच केलं नाही" हे वाक्य मी नोकरीत रोज ऐकते. बंद पडलेल्या प्रत्येक मशीनशेजारी एक माणूस उभा असतो आणि तो हेच म्हणत असतो. मशीन आपोआप बंद पडत नाही. फार तर पंख्यात उंदीर शिरतो. तुझ्याकडे उंदीर शिरला असता तर ते तू पहिल्याच ओळीत लिहिलं असतंस, कारण मग दोष उंदराचा झाला असता.

तेव्हा बंद पडायच्या आधी काय केलंस ते सांग. आणि सर्व्हर सुरू करताना तो काय म्हणतो तेही कळव. मोठेबाबांना नमस्कार सांग. रागावलेले असले तरी सांग.

गुंजन


नाचणगाव,
७ मार्च २०२५

ताई,

उंदीर नाही. मीच.

झालं असं की मी आधी मशीनची सगळी प्रणाली नवी करून घेतली. इथवर ठीक होतं. मग साइट लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सर्व्हरकडे वळलो. सर्व्हर तयार पॅकेजमध्ये मिळतो, एक आज्ञा दिली की बसतो. पण पॅकेज काय, सगळेच घेतात. त्यात आपली कला कुठं दिसते? शिवाय मला एक जादा सोय हवी होती, तिच्यामुळे फोटो मोबाइलवर झटकन उघडतात, आणि ती पॅकेजमध्ये नव्हती. म्हणून मूळ कोड उतरवून घेतला आणि इथेच, वरच्या खोलीत, स्वतः कंपाइल केला, म्हणजे त्या कोडमधून चालता प्रोग्रॅम बांधून काढला. एक चूक निघाली नाही. मी खाली जाऊन ऐटीत बाबांना सांगितलं की सर्व्हर घरी बनवला. ते म्हणाले, मग पापडही आता घरीच बनव.

सुरू करायला गेलो तर तो म्हणतो, मला लागणारी लायब्ररी या आवृत्तीत सापडत नाही. ही लायब्ररी म्हणजे साइटच्या पत्त्याशेजारी कुलपाची खूण येते ना, त्या कुलपाचं काम करणारी. सर्व्हर ते काम स्वतः करत नाही, मशीनमधल्या तयार लायब्ररीकडून करून घेतो, आणि बाकीचे प्रोग्रॅमही तीच वाटून वापरतात. आता ती तर पॅकेजमधून आलेली, नवी कोरी, माझ्या मशीनवर आहे. मी डोळ्यांनी पाहिली. दोनदा पुसून पुन्हा टाकली. तरी सर्व्हर म्हणतो, नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

ताराचंदकाका लोकांना सांगून राह्यले की साइट विश्रांती घेत आहे. काल एका वधूपित्यानं त्यांना विचारलं, विश्रांती किती दिवसांची, आमची मुलगी तिशीला आली.

आता तरी आत शिर. पासवर्ड बदलला आहे, या वेळी फोनवर सांगतो, तेवढा तरी उचल.

भूपेंद्र


नाचणगाव,
१० मार्च २०२५

चि. गुंजन,

मोठेबाबाचे आशीर्वाद. शाळेत शिकलो तसं शुद्ध लिहाले बसलो तर चार दिवस लागतीन, म्हनून बोलतो तसंच लिहून राह्यलो. अन् लपून लिहून राह्यलो. भूपेंद्र वर त्याच्या डबड्यासंग बसला आहे.

त्यानं तुले मदत मागितली असन. मले ठाव आहे, दुसऱ्या कोनाले मागन तो? बेटा, तू मदत करू नको. शर्त आमची बापलेकाची आहे, त्यात पुन्याची फौज काऊन पायजे? तू हात लावला तर तो जिंकन, अन् मंग मले जलमभर मान वर करून त्याच्या खोलीकडेच बोला लागन.

मी काही त्याचा वैरी नाई. दुकान चांगलं चालते. पोट्टा हुशार आहे, गिऱ्हाइकाशी गोड बोलते, पन खाली टिकतच नाई. तुही मोठीआई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यातला एक माळ्यावर. तू फक्त मेळाव्यापावतो चूप राह्यजो. त्यानं विचारलं तर सांगजो का ऑफिसात काम लय आहे. एवढं खोटं चालते. मी रोज सांगतो का रवा आजच आला.

हे पत्र टाकाले पोस्टात मी सोताच चाललो. भूपेंद्रले समजलं नाई पायजे.

तुहा मोठेबाबा,
डोमाजी


पुणे,
१५ मार्च २०२५

मोठेबाबा,

तुमचं पत्र वाचून मी ऑफिसात इतकी हसले की शेजारच्यानं पाणी आणून दिलं. फितुरीसाठी माणूस निदान पेढे तरी पाठवतो. तुम्ही नुसत्या आशीर्वादावर काम उरकायला निघालात.

पण तुमचं एक म्हणणं मला पटलं. शर्त तुमची दोघांची आहे. म्हणून मी त्याच्या मशीनला हात लावणार नाही आणि उपायही सांगणार नाही. मात्र गप्प बसायचं मला जमणार नाही, ते तुम्हालाही माहीत आहे. मी त्याला फक्त प्रश्न विचारीन. उत्तर त्याला सापडलं तर तो जिंकला, नाही सापडलं तर तुम्ही. चालेल ना? नाही चाललं तरी मी हेच करणार आहे, पण मोठ्यांना विचारायची रीत असते.

आणि दिवाळीत आमच्या पिपरी मेघेच्या घरी पाठवलेला रवा कधी आला होता, तेवढं कळवा. आई विचारते आहे.

तुमची गुंजन


पुणे,
१५ मार्च २०२५

भूपेंद्र,

ऑफिसात काम फार आहे. त्यामुळे मी आत शिरणार नाही, फक्त प्रश्न विचारणार. उत्तरं तू शोध.

पहिला प्रश्न. तू सर्व्हर बांधत होतास तेव्हा त्यानं कोणती लायब्ररी पाहून मापं घेतली? दुसरा प्रश्न. तो सुरू होतो तेव्हा कोणती उचलतो? दोन्ही वेळा एकच असते असं तू धरून चालला आहेस. तुला हे कोणी सांगितलं?

गुंजन


नाचणगाव,
१८ मार्च २०२५

ताई,

तू कधीपासून अशी झालीस? माणूस विहिरीत पडलाय आणि तू काठावरून विचारतेस, पाणी किती खोल आहे.

तरी पाहिलं. सर्व्हर कोणता भाग कुठून उचलतो हे दाखवणारी एक छोटी आज्ञा आहे, ती चालवली. लायब्ररी एक नाही, दोन आहेत. एक पॅकेजमधून आलेली नवी. दुसरी मी दोन वर्षांपूर्वी हौसेनं स्वतः कंपाइल करून वेगळ्या फोल्डरात ठेवलेली, जुनी. नाव दोघींचं एकच. बांधताना सर्व्हरनं नवीची मापं घेतली. सुरू होताना मात्र तो जुनीच्या दारात जातो, आणि तिच्याकडे नसलेली वस्तू मागतो. म्हणून ती म्हणते, नाही.

रोग कळला, पण तो तिच्याच दारात काऊन जातो ते कळलं नाही. नवी बाजूलाच बसली आहे ना. हे तरी सरळ सांग.

भूपेंद्र


पुणे,
१९ मार्च २०२५

भूपेंद्र,

कोणत्या फोल्डरात आधी शोधायचं आणि कोणत्या नंतर, याची एक यादी मशीनमध्ये असते. त्या यादीत क्रम कोणी लावला? आणि तसाच का लावला?

गुंजन


नाचणगाव,
२२ मार्च २०२५

ताई,

सापडलं. आणि कुठं सापडलं ते ऐकशील तर हसून हसून लोळशील.

काल शुक्रवारी बाबा आणि ताराचंदकाका गिरडला टेकडीवरच्या दर्ग्यात दर्शनाला गेलते. काय मागितलं ते दोघांनीही सांगितलं नाही, पण एकानं साइट चालू दे म्हटलं असणार आणि दुसऱ्यानं नको म्हटलं असणार. शेख फरीदबाबांना निवाडा करायला कठीणच गेलं असेल. तर बाबा नाहीत म्हणून मी दुकानात होतो. बिस्किटांची नवी पेटी आली. मी फळीवरचे जुने पुडे पुढे ओढले आणि नवे मागे सरकवले. सहा वर्षांचा असल्यापासून माझा हात हेच करतो. जुना माल पुढे, नवा मागे, म्हणजे जुना आधी खपतो. दुकानात बाबांनी मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

आणि हात तिथेच थांबला.

प्रणाली नवी केली तेव्हा माझ्यासमोर दोन लायब्रऱ्या आल्या होत्या, माझी जुनी आणि पॅकेजमधली नवी. मी विचारही केला नाही. जुनीचं फोल्डर यादीत सगळ्यात वर टाकलं, वर राहावं म्हणून त्याला शून्य-शून्य आकडा दिला, आणि मनात म्हटलं, आधी ही वापरून होऊ दे, मग नवी. ताई, लायब्ररी खपत नसते. ती बिचारी जन्मभर पुढेच बसून राहिली असती.

कोकिळाबाई तेलाची बाटली धरून समोर उभ्या होत्या. त्यांना आलोच म्हटलं आणि वर पळालो. ती ओळ काढली, यादी पुन्हा बांधून घेतली, सर्व्हर सुरू केला. चालला. खाली आलो तर कोकिळाबाईंनी आपल्या हातानं तेल मोजून घेतलं होतं, आणि बाटली अगदी तोंडापर्यंत भरली होती.

आता ते जुनं फोल्डर मी मुळासकट पुसून टाकतो. कटकट नको.

भूपेंद्र


पुणे,
२२ मार्च २०२५

भूपेंद्र,

शाबास. मनापासून म्हणते आहे, म्हणून यात प्रश्न घालणार नव्हते, पण तुझं शेवटचं वाक्य वाचून घालते आहे. त्या जुन्या लायब्ररीच्या जिवावर आणखी कोण जगतं आहे, ते पाहिलंस का? पाहिलं नसशील तर पुसू नको.

गुंजन


नाचणगाव,
२९ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा पुसून झालं होतं.

फोटो लहान करणारा भाग मी दोन वर्षांपूर्वी त्या जुन्या लायब्ररीवरच बांधला होता. तो मेला. साइट उघडते, नाव दिसतं, शिक्षण दिसतं, उंची दिसते, चेहरा नाही. सगळे वधू-वर नुसत्या रिकाम्या चौकटी. ताराचंदकाका म्हणाले, पुस्तिकेत निदान काळे का होईना, दिसत तर होते. बाबांनी त्या दिवशी स्वतः होऊन मला गल्ल्यावरची गादी नवी भरून घ्यावी का असं विचारलं. फार प्रेमानं विचारलं.

चार दिवस मी जुनी लायब्ररी परत बांधतोय, मग नवीशी जुळवतोय, मग दुसरंच काही बिघडतंय. अर्धं पॅकेजचं, अर्धं घरचं, आणि पुढच्या महिन्यात प्रणाली पुन्हा नवी झाली की दोघांचं भांडण पुन्हा सुरू. शेवटी काल मशीनसमोर बसून स्वतःलाच विचारलं, तुझ्यासारखं. कलेचं कौतुक करून घ्यायचं आहे की मेळाव्याला साइट चालवायची आहे?

तर ठरवलं. माझा सर्व्हर काढून टाकणार. सर्व्हर, लायब्ररी, फोटोचा भाग, सगळं पॅकेजचं, एकाच घरचं. म्हणजे ते एकमेकांना ओळखतील आणि नवं आलं की एकत्रच नवं होतील. फोटो मात्र जरा उशिरा उघडतील. वाईट वाटतंय ताई. पहिल्यांदाच एवढी मोठी गोष्ट मी स्वतः बांधली होती.

भूपेंद्र


पुणे,
३० मार्च २०२५

भूपेंद्र,

वाईट वाटू दे. मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. बांधता येतं हे तुला कळलं, ते कोणी पुसू शकत नाही.

आणि हा प्रश्न नाही, मत आहे. नवऱ्या मुलाचा फोटो जरा उशिरा उघडला म्हणून लग्न मोडत नाही. काहींचा तर उघडलाच नाही तर जमण्याची शक्यता वाढते.

गुंजन


नाचणगाव,
१५ एप्रिल २०२५

चि. गुंजन,

आशीर्वाद. मी हरलो.

मेळावा जोरात झाला. हॉलात गेलो तर सगळे मान खाली घालून बसलेले. मले वाटलं, समाजातलं कोनी गेलं का काय. पाह्यतो तर मोबाइलवर पोट्टे-पोट्टी पाहून राह्यले होते. सकाळपासून दिवेलागनीपावतो साइट एकदा बी बंद पडली नाई. ताराचंदनं माइकवर भूपेंद्रचं नाव घेतलं. लोकायनं टाळ्या वाजवल्या. म्या बी वाजवल्या. थोड्या जास्तच वाजवल्या गेल्या.

घरी येताना त्यानं मले बिस्किटाच्या पुड्याची गोष्ट सांगितली. मी गाडीत इतका हासलो का ड्रायव्हरनं गाडी बाजूले घेतली. त्याच्या डबड्यात बी माह्यं दुकान निघालं. मंग घरी आल्यावर खोलीची चाबी त्याच्या हातात देली. शब्द म्हंजे शब्द. तू बी शब्द पाळला, मशीनले हात लावला नाई, ते त्यानं सांगितलं.

आता एक सांगतो, ते कोनाले सांगू नको. मले दुकानासाठी पोरगा पायजे नोता. नोकर ठेवला तरी दुकान चालते. दुपारी गिऱ्हाईक नसते. तुही मोठीआई होती तवा ती दुपारी खाली येऊन बसे, तांदूळ निवडता निवडता आम्ही बोलत राहो. आता बारा ते चार मी एकटाच. मले बोलाले मानूस पायजे होता. हे पोराले कसं सांगाव? म्हनून शर्त लावली. शर्त लावाले सोपी राह्यते.

पिपरीच्या घरचा रवा जुनाच होता. आईले सांगजो, यंदा ताजा धाडतो.

तुहा मोठेबाबा,
डोमाजी


पुणे,
२० एप्रिल २०२५

भूपेंद्र,

जिंकलास, अभिनंदन. खोली तुझी झाली. आता सवयीनं एकच प्रश्न. त्या खोलीवर पत्रा आहे ना? मे महिन्यात आपल्याकडे ऊन कसं असतं ते तुला सांगायला नको. तिथं मशीन तापणार नाही का? दुकानात तर वर स्लॅब आहे, आणि कोपराही रिकामा आहे, असं मला अंधुक आठवतं.

गुंजन


नाचणगाव,
२७ एप्रिल २०२५

ताई,

तुझे प्रश्न मला आता ओळखू येतात. हा बाबांनी विचारायला लावलेला नसेल, पण बाबांमुळे आलेला आहे. पोस्टातल्या रजतनं मला मार्चमध्ये त्याच दिवशी सांगितलं होतं की तुझे बाबा स्वतः येऊन पुण्याला पत्र टाकून गेले. आमच्याकडे पोस्टात गुपित टाकणं म्हणजे भोंग्यावर सांगणं. आणि तुझं "ऑफिसात काम फार आहे" आल्याबरोबर पत्रात काय असेल तेही कळलं. राग आला होता. मग म्हटलं, बाबांच्याच अटीवर त्यांना हरवू, म्हणजे त्यांना बोलायला जागा राहणार नाही. म्हणून तुझ्यावर चिडल्याचं नाटक केलं. अर्धं नाटक होतं.

पण ताई, प्रश्न उशिरा आला. मशीन १६ तारखेलाच खाली आलं.

चाबी मिळाल्यावर तीन दिवसांनी दुपारी मी वर बसलो होतो, राजासारखा. खालून बाबांचा आवाज येत होता. कोणाशी तरी बोलत होते, आज ऊन लय आहे, भाव उतरून राह्यला, पोट्ट्यानं वर्ध्यात नाव काढलं. मला वाटलं गिऱ्हाईक असेल. बराच वेळ झाला तरी समोरच्याचा आवाज काही येईना. जिन्यातून वाकून पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं. ते आईच्या रिकाम्या पाटाकडे पाहून बोलत होते.

मला तिथं उभं राहवेना. संध्याकाळी मशीन, टेबल, तारा, सगळं खाली आणलं आणि म्हटलं, वर पत्र्यानं तापतं. बाबा म्हणाले, "ठेव, पन गिऱ्हाइकाले अडचन नाई झाली पायजे." मग टेबल ठेवायला स्वतःच साबणाच्या पेट्या हलवल्या. आता दुपारी मी माझं काम करतो आणि ते बोलतात. मधूनच मी हं म्हणतो. तेवढं त्यांना पुरतं. कधी कधी मला पुरत नाही, मग मी काम बाजूला ठेवतो.

बाबांना यातलं काही सांगू नको. त्यांना वाटतंय, पत्र्याच्या उन्हानं मला खाली आणलं आणि शेवटी तेच जिंकले. म्हणून दुपारचा चहाही तेच करतात.

भूपेंद्र